जान्हवीने मांडलेला घट

भुताखेतांचं सोडा, मी घटसुद्धा मानत नव्हतो… आमच्या बुलडाणा जिल्ह्यात अक्षय तृतीयेला शेतात धान्याचा घट मांडतात. रात्रीतून दाणे जागचे हलले की नाही, यावरून सकाळी वर्षाचं भाकीत होतं. मी शाळेत लिपिक. दरवर्षी टिंगल करायचो, मुंग्यांचं भाकीत म्हणून.

माझा विश्वास डॉक्टरवर. माझ्या दहा वर्षांच्या जान्हवीला रक्ताचा कॅन्सर. अकोल्याच्या डॉक्टरांनी उपचार थांबवले, आता फक्त दुखणं कमी ठेवायचं म्हणाले. किती दिवस, ते सांगेनात. लहान मुलांच्या बाबतीत अंदाज चुकतात म्हणे. मी टेबलावर हात आपटला. मला आकडा हवाच होता. शेवटी म्हणाले, "फार तर दोन आठवडे."

तो आकडा घेऊन गावी, वरवट बकालला आलो आणि दुसऱ्याच दिवशी तिची सायकल मेव्हण्याच्या मुलीला देऊन टाकली. सायकल दिसली की बायको रडायची म्हणून… असं मी सगळ्यांना सांगतो. जान्हवी खिडकीतून बघत होती.

चार दिवसांनी अक्षय तृतीया. तिने अंगणात ज्वारीच्या बारा ढिगल्या गोल मांडल्या, वैशाखापासून महिन्याला एक. वर टोपलं मीच पालथं घातलं, दगड ठेवला. सकाळी मीच उचललं. सहा ढिगल्या जशाच्या तशा. कार्तिकापासून पुढे एक दाणा नाही.

"दिवाळीपर्यंत आहो मी, बाबा. सायकल आणा ना वापस. चालवता नाही आली तं नुसती बसीन."

मी तो घट पायाने उधळला. बायको एवढंच म्हणाली, "डॉक्टरचा राग पोरीवर काऊन काढता?"

दोन आठवडे गेले. दोन महिने गेले. पोळ्याला ती मातीचे बैल रंगवत बसली, आणि मी रोज उठून आधी तिचा श्वास बघायचो. सायकल परत मागायची लाज वाटायची. शिवाय आता आज-उद्याचंच आहे, असं वाटायचं. सहा महिने आज-उद्या!

लक्ष्मीपूजन झालं. पाडव्याच्या सकाळी ती गेली. तो कार्तिकाचा पहिला दिवस, हे दहाव्याला गुरुजींनी तिथी उच्चारली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आता खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच, मुंग्या असतील. लिहा. मीही तेच म्हणायचो. पण मुंग्यांना कार्तिक कसा कळला?… दाणे कोणी नेले, मला आजही माहीत नाही.

सायकल मी नेली.