सिनेमात नसलेला माणूस

पोरांनो, दिवाळीनंतरच्या एका रविवारी फोनवर मी तुम्हाला एका माणसाबद्दल विचारलं आणि तुम्ही दोघं हसलात. आजी फिरकी घेते आहे असं तुम्हाला वाटलं. मीही हसले आणि विषय बदलला. ती फिरकी नव्हती. हे पत्र आत्ता लिहिण्याचं एक कारण ते. दुसरं असं की जाड पेनाने, एक ओळ सोडून एक, मला अजून लिहिता येतं. पुढे किती दिवस येईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

क्रमाने सांगते. आठवड्यात तुम्ही तिकडे आणि मी इकडे नंदुरबारला एकच सिनेमा बघायचा आणि रविवारी त्यावर बोलायचं, हा नेम तुम्हीच सुरू केलात. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे गुण दिल्याशिवाय मत दिल्यासारखं मला वाटत नाही. शंभरपैकी, आणि पस्तिसाच्या खाली नापास.

मला हाणामारीचे सिनेमे आवडतात हे ऐकून माझ्या वयाच्या बायका अजून तोंडाला पदर लावतात. माझी अट एकच आहे. मारणाऱ्याला दम लागला पाहिजे. वीस जणांना लोळवून ज्याचा भांग विस्कटत नाही, त्याला मी कधी पास केलं नाही. विनोदी सिनेमा मात्र एकटीने बघू नये, कारण शेजारचं माणूस हसलं की मगच आपलं हसू बाहेर येतं. त्यासाठी मला जाऊबाई आहेत. तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाच्या या पत्नी, कोरीट गावचं शेत मुलाच्या हाती देऊन चार वर्षांपूर्वी माझ्याकडे राहायला आल्या. सिनेमाचं हिंदी त्यांना सगळं कळतं, बोलतात मात्र अहिराणीच. कोणी चिखलात घसरून पडलं की त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात, आणि मी गुण कापते. मग मला ऐकवतात, "तुले हासाले बी शिकाडनं पडस."

जादूचे आणि राक्षसांचे सिनेमे मी सर्वांत कडक तपासते, कारण त्यात गोंगाट फार असतो. नोकरीच्या सुरुवातीला मुलींची सहल घेऊन आम्ही तोरणमाळला गेलो होतो. सकाळी धुकं इतकं दाट होतं की हातातली छत्री दिसत नव्हती. त्या धुक्यातून मोळ्या घेतलेल्या बायका एकामागून एक आल्या, आमच्या मधून गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. पाऊल वाजलं नाही. आमच्याकडे एकीनेही पाहिलं नाही. त्या आपल्या रोजच्या कामाला निघाल्या होत्या, एवढंच. पण मुलींनी माझा पदर धरला होता, आणि मी मुलींचे हात. तेव्हापासून अद्भुत सिनेमा त्या सकाळच्या जवळपास तरी जातो का, एवढंच मी बघते.

आता त्या माणसाकडे येते.

दिवाळीनंतरचा तो सिनेमा हाणामारीचा होता. बंदर, कंटेनर, पाण्यात पडणाऱ्या गाड्या. पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की चौकटीच्या डाव्या बाजूला एक माणूस उभा आहे. काळा लांब कोट, डोक्याला लाल रुमाल बांधलेला. मारामारी चालली तरी तो हलला नाही. गाण्यात नायिका बर्फात नाचत होती, तिथेही तो डाव्या बाजूला होता. पुढे पोलीस ठाण्यात होता, लग्नात होता. कोणाशी बोलला नाही, कोणी त्याच्याशी बोललं नाही, आणि नायकाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, दिग्दर्शक फार हुशार आहे. एवढ्या आरडाओरड्यात त्याने एक साक्षीदार उभा केला आहे आणि त्याचं नावही सांगत नाही. मी अठ्ठ्याहत्तर गुण दिले. हाणामारीच्या सिनेमाला मी दिलेले ते सर्वांत जास्त.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकली होती. नायकाचा चेहरा मला धुरकट दिसत होता, पण त्या माणसाच्या कोटाची बटणं मोजता येत होती. सात होती.

रविवारी मी तुम्हाला विचारलं की तो कोण असावा. धाकटीने विचारलं, "आजी, कोणता माणूस?" मग तुम्ही हसलात. फोन ठेवल्यावर मी तोच सिनेमा पुन्हा लावला. तो होता. बर्फातल्या गाण्याशी मी सिनेमा थांबवला, तरी तो होता. मग टीव्ही बंद केला. दुपारचे चार वाजले होते, खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर भंगारवाला ओरडत होता. टीव्हीचा काळा काचेचा चौकोन समोर होता आणि त्याच्या डाव्या बाजूला, भिंतीपाशी, तो उभा होता.

मी ओरडले नाही. चहा केला. परत आले तेव्हा नव्हता.

पुढच्या आठवड्यात आम्ही विनोदी सिनेमा बघत होतो. विनोदी नटाकडे मी सरळ पाहिलं की त्याचा चेहरा घासलेल्या ताटासारखा गुळगुळीत व्हायचा, नाक नाही, डोळे नाहीत. त्याच्या कानाकडे पाहिलं की चेहरा परत यायचा. जाऊबाई पोट धरून हसत होत्या आणि मी कानांकडे बघत बसले होते. तेवढ्यात तो आला. मी जाऊबाईंना अगदी सहज विचारलं की टीव्हीच्या डाव्या बाजूला काय दिसतं.

"भित शे. भितवर कॅलेंडर शे. सिलिंडर उनं ती तारीख लिखेल शे."

मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि बराच वेळ भिंतीकडे पाहिलं. तो काही बोलतो का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

"मंग चांगला शे," त्या म्हणाल्या. "बोलनारा या घरमा बरेच व्हई ग्यात. पन उभा कितला येळ ऱ्हाई तो? बशाले सांग त्याले."

मला हसू आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण ते त्या माणसामुळे नव्हे. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक आजीबाई होत्या. ओसरीवर कोणी नसताना त्या पाहुण्यांना पाणी द्या म्हणायच्या. घरच्यांनी त्यांना कधी दुखावलं नाही. वेळेवर जेवण, स्वच्छ लुगडं, सगळं होतं. फक्त त्यांना कोणी काही विचारत नसे. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंसुद्धा नाही. त्या काही म्हणाल्या की सगळे मान डोलवायचे. मीही डोलवायची, आठ वर्षांची असून. मला भीती त्याची वाटली. तुम्ही रविवारी फोन कराल, प्रेमाने बोलाल, औषध घेतलं का विचाराल, आणि सिनेमा कसा होता ते विचारणार नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊबाईंनीच नेलं. ते माझे जुने विद्यार्थी, अजून "बाई" म्हणतात. त्यांनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, डावा पुष्कळ, उजवा कमी. मग आवाज खाली आणून विचारलं, "बाई, नसलेलं काही दिसतं का?"

मी नाही म्हटलं. ज्याला खोटं बोलू नये म्हणून मी छड्या मारल्या, त्याच्यासमोर सरळ खोटं बोलले. रिक्षापर्यंत आले, एक पाय आत ठेवला, आणि परत फिरले. आत दुसरा पेशंट बसला होता, त्याच्या देखतच सांगितलं. काळा कोट, लाल रुमाल, सात बटणं. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. म्हणाले की हे वेड नाही, भूतही नाही. डोळा मधलं चित्र पाठवत नाही, तेव्हा मेंदू रिकामी जागा आपल्या चित्रांनी भरतो. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना असं होतं. लोक वेडं म्हणतील म्हणून ती कोणाला सांगत नाहीत.

समजलं म्हणून तो यायचा थांबला नाही. हल्ली ओसरीच्या कठड्यावर वीतभर उंचीच्या बायकाही असतात, रांगेने, प्रत्येकीच्या लुगड्याचे काठ वेगळे. त्या कुठेतरी निघालेल्या असतात. मला आता ठामपणे कळलं आहे की अद्भुत सिनेमे बनवणारे कुठे चुकतात. त्यांची भुतं आपल्याकडे बघतात, आपल्या मागे लागतात, किंचाळतात. खरा काटा येतो तो त्यांना आपली काहीच गरज नसते तेव्हा.

तुमच्या बाबांना मी काल सगळं सांगितलं. घर बंद करून तिकडे ये, असं ते म्हणाले. मी नाही म्हटलं. विचारणं त्यांचं काम होतं.

तुमच्यापाशी अजून एक कबुली द्यायची आहे. व्हिडिओ फोनवर मी तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या मागच्या खिडकीकडे बघते. धाकटीने एकदा विचारलं तेव्हा कबुतरं बघते म्हणाले. तुमच्या चेहऱ्यांकडे सरळ पाहिलं की चेहरे जातात. खिडकीकडे पाहिलं की तुम्ही दोघं कडेला नीट दिसता, थोरल्याची नवी दाढीसुद्धा. ती तुला शोभत नाही.

त्या बंदराच्या सिनेमाचे गुण मी बदलले आहेत. त्या माणसाशिवाय त्यात काही नाही. एकेचाळीस.

डाव्या डोळ्याचं आता फार काही राहिलेलं नाही. उजव्याची कड शाबूत आहे, दोन्ही कान शाबूत आहेत, आणि सिनेमा चांगला की वाईट ते मला अजून कळतं.