नकाशात नसलेली वाट

“मशिनीत दिसना म्हणान तो चलाचो थांबतलो काय?”

आवाज मागच्या बाकावरून आला. मी मान वळवली नाही. डिचोलीतल्या आमच्या कंत्राटदार सरांच्या ऑफिसात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून त्यापुढे मला बसवलं होतं. बोलावं लागत नसे, म्हणून मला ते काम आवडे.

बाकावर हळर्णच्या काकी होत्या. त्यांचा मुलगा मस्कतला बांधकाम कंपनीत होता. तिथं घरं आधी कॉम्प्युटरवर उभी राहतात. आईच्या नव्या घराचा नकाशाही त्यानं तिथंच काढला आणि सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती फ्लॉपीत पाठवला. घर बांधायचं आम्ही, राहायचं काकींनी, एकटीनं.

स्वयंपाकघर देवचाराच्या वाटेवर आलं होतं.

देवचार म्हणजे गावाचा राखणदार. तो रात्री ज्या वाटेनं फिरतो, ती आमच्याकडे घर बांधताना मोकळी सोडतात. मुलाला ती ठाऊक नव्हती असं नाही. पण सर्व्हेच्या कागदावर ती नसते, आणि मस्कतला त्याच्यापुढे फक्त कागद होता.

“काकी, एक भिंत सरकवली की सगळंच पुन्हा काढावं लागतं,” सर हसून म्हणाले. “पोरानं लोखंडाचासुद्धा हिशेब पाठवलाय.”

“आनी तुमी खनिजाच्या ट्रकांपुढे नारळ फोडतास, तो खंयच्या हिशेबात धरतास?”

सरांचे खनिजाचे ट्रकही चालत. ते पुन्हा हसले, पण जरा कमी.

मापं पडताळायला मी हळर्णला जाऊन आले होते. भर दुपार होती. परसात माडांमधून एक पट्टा गेला होता, गवत नसलेला, रोजच्या पायाखालचा वाटावा असा. टेप धरणारे कामगार बोलत बोलत आले, तिथं गप्प झाले, आणि तो ओलांडून पुन्हा बोलू लागले. टोकाच्या दगडावर कुणीतरी देवचाराला वाहिलेल्या चामड्याच्या वहाणा होत्या, वरून कोऱ्या. त्याच्या रात्रीच्या चालण्यानं त्यांचे तळ झिजतात म्हणतात. मी उलटून पाहिल्या नाहीत.

तेव्हापासून ते घर स्क्रीनवर उघडणं मला नको वाटे. मशीन एकेक रेघ सावकाश ओढायचं. स्वयंपाकघराची मागची भिंत सगळ्यांत शेवटी यायची, आणि तोवर तिथं उघडी जागा असायची. तेवढा वेळ मी श्वास रोखून धरायचे. कुणाला पलीकडे जायचं असेल तर जाऊ दे, म्हणून.

“सवय होईल तुम्हाला,” सर काकींना म्हणाले, आणि मग मला, “प्रिंट काढ गो बाय. उद्या पाया आखायचाय.”

काकी उठून माझ्या खुर्चीशी आल्या. स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“चेडवा, तू ऱ्हवशीत थंय एकटी?”

प्रिंटरचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मी हात मांडीवर घेतला.

“नाही,” मी म्हणाले. “सर, मस्कतला फोन लावा. भिंत कुठं घालायची ते मी सांगते त्यांना.”