मी गाळलेली ओळ

दुष्काळ सरून गावात नवी दूध डेअरी निघाली, त्याच साली माझी नणंद लेकीला कडेवर घेऊन माहेरी आली. नवरा मारायचा. बरं, माहेरी तरी सुख असावं! तर रोज सकाळी हा बाबा डेअरीच्या वाटेवर उभा. एकदा तिची दुधाची किटली लाथेनं उडवली, एकदा वेणी धरून फरफटत नेलं. आणि माझ्या सासूबाई? जावई दारात आला की घोंगडी अंथरून पाण्याचा तांब्या पुढं करायच्या! माझा असा तिळपापड व्हायचा, काय सांगू.

शेवटी मीच वन्संना एसटीत बसवून कळंबला तहसीलदारांपुढं उभं केलं. साहेब भला माणूस. त्यांनी जावईबापूंना पोलिसाकरवी बोलावलं आणि मुचलका लिहून घेतला. बायकोला मारणार नाही, धमकावणार नाही, तिच्या वाटेला जाणार नाही. मोडलं तर जेल. दोघांना आत वाचूनही दाखवला. मी बाहेर लेकराला खेळवत होते.

घरी येऊन मी नक्कल वाचायला घेतली. आळीत वाचता येणारी बाई मी एकटीच, सातवी पास. शेवटच्या ओळीपाशी आले आणि थबकले. मुदत एक वर्ष! वन्संचं तोंड इतकं उजळलं होतं की ती ओळ मी सरळ गिळून टाकली.

मग काय कौतुक त्या कागदाचं! वन्सं तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चोळीत ठेवायच्या. डेअरीच्या रांगेत रोज कुणीतरी मला म्हणायचंच, "वाच की गं, ऐकू दे!" महिन्याभरात साऱ्या रांगेला तो तोंडपाठ झाला. जावईबापू गावात फिरकले नाहीत. वन्सं रस्त्याच्या मधून चालायला लागल्या, मोठ्यानं हसायला लागल्या. दुसरी म्हैससुद्धा घेतली.

वर्ष उलटलं आणि एका सकाळी स्वारी हजर. सगळ्या रांगेपुढं म्हणाले, "सरलं वर्स! चल घरी."

मी रांग सोडून वन्संच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"कसलं वर्स?" रांगेतून कडाडल्या त्या चक्क माझ्या सासूबाई. "कागदात वर्साचं काय बी न्हाय!" आणि सगळ्या बायांनी एकच सूर धरला, "मारनार न्हाय, धमकावनार न्हाय, वाटंला जानार न्हाय, मोडलं तर जेल!" बिचाऱ्या अगदी खरेपणानं सांगत होत्या. खोटारडी तेवढी मी.

वन्संनी चोळीतून कागद काढून माझ्या हातात दिला. "वाच वैनी. नेहमीवानी वाच."

मी खणखणीत वाचला, ओळ गाळून. जावईबापूंना अक्षरओळख नव्हती. एवढ्या बायांपुढं त्यांना स्वतःच्या कानांचाच भरवसा वाटेना. आले तसे एसटीत बसून गेले.

घरी परतताना मला राहवेना. "वन्सं, चुकलं माझं. त्यात खरंच वर्साची मुदत व्हती. ती ओळ म्या कधी वाचलीच न्हाय."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "सायबानं मलाबी वाचून दाखवलं व्हतं की. परवाच सरली मुदत."

"अवो, मग त्याला बघून भ्या न्हाय वाटलं?"

वन्संनी किटली या हातातून त्या हातात घेतली. "वर्सभर भ्यायचं कामच पडलं न्हाय, वैनी. सवय मोडली."