सांभाराचा वास

आज मिक्सरमध्ये सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं आणि जिरं फिरवलं. झाकण काढल्यावर तो हिरवा रंग पाहून लकडगंजमधलं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवलं.

मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, हेच वाटण पाट्यावर वाटायची. नैवेद्याचं म्हणून ते चाखायचं नसे. नुसत्या वासावर ती मीठ-तिखट ठरवायची आणि तिचा अंदाज कधी चुकला नाही. एके दिवशी मात्र ती वरवंटा थांबवून पाट्यावर वाकली. पुन्हा वाकली. मग हिरवी बोटं माझ्या नाकापाशी धरून म्हणाली, “पाह्य वं, सांभार शिळा आहे का? वास काहून नाही येऊन राहिला?”

मला तर त्या वासाने ठसका लागला होता. “सर्दी झाली असंल तुले,” मी हसत म्हणाले.

ती हसली नाही. स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. वर्षभरात ती माझं नाव विसरली. असल्या आजारात कधीकधी आठवणींच्या आधी वास जातो, हे डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं.

“आई, काय मस्त वास सुटून राहिला!” बाहेरच्या खोलीतून लेक ओरडली.

मी भांडं नाकाशी नेलं. पुन्हा नेलं.

“इकडे ये वं,” मी तिला हाक मारली. “सांभार ताजाच आहे ना?”