फौजदारांच्या रिव्हॉल्वरला लावलेलं कुंकू

साकीनाक्याला आमचं बंदुका दुरुस्तीचं लायसनवालं दुकान आहे. आमचं म्हणजे शेठचं. माझा त्यात फक्त चहाचा कप. बावीस वर्षं झाली मला तिथे. शाळा चौथीत सुटली, म्हणजे शाळेनेच मला सोडलं. त्यानंतर जे काय शिकलो ते बोटं चेमटून घेऊन शिकलो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही शेठला बारीक काम दिसेना. त्यांनी सांगून ठेवलेलं, दिवाळीनंतर रिव्हॉल्वरचं टेबल आमच्या दोघांपैकी एकाला मिळणार. उरलेल्याने लांब बंदुका घासायच्या. दोघांपैकी एक मी. दुसरी ती, आयटीआय करून आलेली, पंचविशीची, मला 'काका' म्हणणारी. तिच्या तोंडून मला 'काका' ही शिवी वाटायची.

दसऱ्याच्या आधी मुलुंडच्या एका रिटायर फौजदारांचं रिव्हॉल्वर माझ्याकडे तीन आठवडे पडून होतं. घोडा, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारा हातोडा, अडकायचा. मी उघडायचो, फुंकर मारायचो, परत बंद करायचो. एका सकाळी मी वडापाव आणायला गेलो आणि परत येईपर्यंत तिने ते ठीक करून ठेवलं. वडा अजून गरम होता. मला त्या वड्याचाही राग आला.

दसऱ्याला दुकानातली पूजा मी करतो. शेठचा नियम एकच, हळदकुंकू आपल्या पक्कडींना आणि कानशींना. गिऱ्हाइकाच्या मालाला बोट लावायचं नाही, कपाटाला हार घालायचा, बस. पण फौजदारांचं रिव्हॉल्वर दुसऱ्या दिवशी जाणार होतं, आणि तिने ठीक केलेली ती वस्तू कपाटात नुसती चमकत होती. शेठ फुलं आणायला गेलेले. ती यायची होती. मी रिव्हॉल्वर काढलं, चक्री बाहेर पाडली आणि काडतुसांच्या सहाही घरांत बोट घालून कुंकू लावलं. कोरडं टिकेना म्हणून खोबरेल तेलात कालवलं. आपण काम अर्धवट करत नाही ना. मग हातात धरून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, जसं काय ते मीच बनवलंय. शेठकडे बटणाचा फोन, त्यामुळे चिंता नव्हती. पहिला अंगठा तिचाच आला. नंतर मी फडक्याने वरवर पुसून रिव्हॉल्वर होतं तिथे ठेवलं.

आठ दिवसांनी फौजदार परत आले, तोंड लाल करून. रेंजवर गेले होते. सहापैकी तीन काडतुसं पहिल्या फटक्यात उडालीच नव्हती. त्यातलं एक दुसऱ्यांदा घोडा पडल्यावर उडालं. आणि जी उडाली त्यांच्या रिकाम्या पुंगळ्या बाहेर येईनात, दांडी ठोकून ठोकून काढाव्या लागल्या. शेठनी विचारलं, शेवटचा हात कोणाचा होता?

"माझा," ती म्हणाली.

माझ्या पोटात जे गार गार वाटलं, त्याची मला आज लाज वाटते. तेव्हा नाही वाटली. उलट मी पुढे सरकून म्हटलं की स्प्रिंग मऊ पडली असणार, आजकालची पोरं घाई करतात. दसरा डोक्यात आलाच नाही. डोकं टेबलाची जागा मोजत होतं.

तिने रिव्हॉल्वर हातात घेतलं. आधी सहाही घरं रिकामी आहेत का ते बोटाने बघितलं. फौजदारांनी न उडालेली काडतुसं रुमालात आणली होती, ती उलटी करून बुडाकडे बघितलं. घोड्याचा खड्डा पडला होता, पण उथळ. म्हणजे काडतूस घरात पूर्ण बसतच नव्हतं, पहिल्या फटक्याचा जोर त्याला आत ढकलण्यातच जात होता. असं मी बावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. मी घोड्याकडेच बघत बसलेलो. मग तिने एका घरात काडी फिरवली. काडीच्या टोकाला लाल चिकट लगदा आला. तिने तो हुंगला.

खोबरेलाचा वास माझ्यापर्यंत आला. वाट लागली, मनात म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, काडी फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, "जुनं तेल साकळलंय शेठ. माझंच राहिलं साफ करायचं. आत्ता देते करून."

फौजदार गेल्यावर शेठनी तिला चार शब्द सुनावले आणि मला सांगितलं की टेबल तुझं. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं मिळालं, आणि मला चहा गोड लागेना.

दुपारी ती हळूच म्हणाली, "काका, तो फोटो फोनमधून काढून टाका."

"तू बोलली का नाहीस?"

"तुमची बावीस वर्षं आहेत इथे. माझं काय, मला दुसरीकडे मिळेल."

झालं. हात तिचा चांगला, डोळा तिचा चांगला, आता मनही तिचंच चांगलं. माझ्यासाठी काही ठेवणार की नाही ही पोरगी? टेबलावर बसलो असतो तरी ते तिने दिलेलं टेबल. रोज सकाळी येऊन तिच्या दयेवर पान्हे मांडायचे. त्यापेक्षा लांब बंदुका परवडल्या.

मी सरळ शेठकडे गेलो आणि सगळं सांगितलं. कुंकू, तेल, फोटो.  शेठना सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते खोबरेल तेल. मग म्हणाले, "टेबल मिळालं होतं ना तुला? मग का बोललास?"

मी म्हटलं, "ती एकटीच चांगली ठरत होती, ते बघवेना."

शेठ हसले. त्यांना वाटलं मी नेहमीसारखी मस्करी करतोय.

दिवाळीनंतर टेबल तिला मिळालं. तिच्या उंचीला ते कमी पडत होतं, म्हणून टेबलाच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे मलाच बसवायला लावले. चारही सारखे बसवले मी. एक जरा आखूड कापायचा मोह झाला होता, खोटं कशाला सांगू.