न वाचलेला अकरावा परिच्छेद

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायचो आणि वकिलांचे इंग्रजी कागद मराठीत करून द्यायचो. त्यातला एक दावा भाईंदरजवळच्या मोरवा गावातल्या एका मावशींचा होता. त्यांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. एकुलता एक मुलगा भाड्याच्या लहान विमानांवर मेकॅनिक होता. असंच एक विमान उतरताना डोंगरावर आदळलं आणि पेटलं. आत तोही होता.

सरकारी चौकशी अहवाल फार सभ्य होता. ‘विमान नियंत्रित अवस्थेत भूभागाच्या संपर्कात आले,’ असं त्यात होतं. म्हणजे विमान धडधाकट होतं, डोंगर मध्ये आला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला एवढी भाषा येत नसावी. दोन्ही मांड्या मोडलेल्या. श्वासनलिकेत काजळी, म्हणजे आगीतही श्वास चालू. तळहात हाडापर्यंत जळालेले, उजव्या तळव्यावर दाराच्या कडीचा ठसा. जिवंत असल्याचा अंदाज, तीन ते चार मिनिटं.

आमच्या वकीलसाहेबांनी हे वाचून चष्मा पुसला. “वाईट झालं,” ते म्हणाले, “पण मुद्दा भक्कम आहे. हाल सोसून गेला, तर कंपनीला भरपाई जास्त द्यावी लागते.” तो मुद्दा मावशींच्या प्रतिज्ञापत्रात अकरावा परिच्छेद झाला.

ज्याला इंग्रजी येत नाही त्याला प्रतिज्ञापत्र त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि तसं खाली लिहून सही करायची, अशी पद्धत आहे. ते माझं काम. मावशींच्या ओटीवर बसून मी दहावा परिच्छेद वाचला. त्यांनी विचारलं, “लगेच गेला ना रं भाऊ?”

“लगेच, मावशी. एका झटक्यात,” मी म्हणालो आणि बारावा वाचायला घेतला. मिठाने झिजलेला त्यांचा अंगठा कागदावर नीट उठेना, तो मी धरून दाबला. घरी जाताना मी स्वतःवर खूश होतो.

मावशींना गुडघ्यांमुळे कोर्टात जाता येईना. म्हणून कोर्टाने नेमलेले कमिशनर साक्ष नोंदवायला मोरव्यात आले. सोबत टायपिस्ट, विमान कंपनीचे वकील, आमचे वकीलसाहेब आणि मी. ओटीवर तीन काळे कोट आणि एकच पंखा.

कंपनीच्या वकिलाने अगदी मायेने विचारलं, “माताजी, आपका बेटा तो उसी वक्त गुज़र गया था ना?”

“हा. एका झटक्यात,” मावशी म्हणाल्या. माझ्याकडे बोट दाखवलं. “यानं वाचून दावला.”

आमचे वकीलसाहेब ताडकन उठले. त्यांना कमिशनरने बसवलं. कंपनीच्या वकिलाने पान उलटलं. “तो फिर ग्यारहवाँ पैरा झूठ है?” आणि तो परिच्छेद त्याने सावकाश, हिंदीत वाचला. मांड्या, काजळी, मिनिटं. हिंदी मावशींना चांगली कळायची. भाईंदरच्या बाजारात सगळं हिंदीतच चालतं.

त्या उठल्या कधी ते मला दिसलं नाही. पितळी तांब्या माझ्या भुवईवर बसला. दुसरा घाव कानावर. मी खाली पडलो तेव्हा त्यांनी केस धरून माझं डोकं ओटीच्या फरशीवर आपटलं. “माजा पोर जलत व्हता आन् तू मना गोष्टी सांगतो?” दोघा वकिलांनी मिळून त्यांना सोडवलं. त्या दाव्यात त्यांचं तेवढं एकच एकमत झालं.

टायपिस्टने कमिशनरला विचारलं, “साहेब, हे नोंदीत घ्यायचं का?”

“नको,” कमिशनर म्हणाले. “हे प्रश्नाचं उत्तर नाही.”

मावशी धापा टाकत खाली बसल्या. माझ्या भुवईचं रक्त डोळ्यात उतरत होतं. त्यांनी कागद माझ्याकडे ढकलला. “आता मराठीत वाच. समदा.”

मी वाचलं. मांड्यांपाशी त्यांनी डोळे मिटले. तळहातांपाशी म्हणाल्या, “थांब. कडीचा परत वाच.”

“उजव्या तळव्यावर दाराच्या कडीचा ठसा.”

“म्हंजे उगडत व्हता.”

“हो.”

“पाय मोडल्याव.”

“हो, मावशी.”

त्या कमिशनरकडे वळल्या. “साहेब, लिवा. मगा मी बोल्ले तो खोटा. मना ठाव नव्हता. माजा पोर चार मिनिटं दाराशी लढत व्हता.”

आमचे वकीलसाहेब पेन शोधू लागले. कंपनीच्या वकिलाने आणखी प्रश्न नसल्याचं सांगितलं. टायपिस्टची बोटं चालू झाली.

“म्होरं वाच,” मावशी मला म्हणाल्या. “आता मधला काय गालू नको.”