आठवण करून देणारी सीट

मोटरसायकल मी त्रेचाळिसाव्या वर्षी घेतली. कम्युनिटी कॉलेजचा दोन दिवसांचा कोर्स करून मी लायसन्स घेऊन घरी आले, तेव्हा नवरा म्हणाला, "यार, तुला हवी तर चांगली सायकल घेऊ ना." पण तोवर एका निवृत्त शिक्षकांच्या जुन्या गाडीवर माझं मन बसलं होतं. आमच्या लग्नापेक्षाही जुनी, निळी, जरा जड. पुढच्याच शनिवारी ती अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या गॅरेजमध्ये आली आणि नवऱ्याची कार बाहेर गेली.

गाडी गुणी होती, पण तिचा इंडिकेटर वळण झालं की आपोआप बंद व्हायचा नाही. तो आपण आठवणीनं बंद करायचा. आणि मी विसरायचे. एका सकाळी उजवीकडे वळून मी सरळ निघाले होते आणि इंडिकेटर तसाच लुकलुकत होता. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या बाईंना वाटलं, मी आत वळतेय. त्यांनी कार बाहेर काढली. मी ब्रेक इतका दाबला की मागचं चाक सरकलं. कारच्या दारापासून हातभर अंतरावर मी थांबले. त्या बाई काच खाली करून "सॉरी, सॉरी" म्हणत होत्या आणि मला कळत होतं, चूक माझी आहे.

माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. स्वतःची ही एक चूक सुधारता येऊ नये? मी काडेपेटीएवढा एक छोटा कंप्युटर बोर्ड मागवला आणि त्याला इंडिकेटरच्या लुकलुकण्या मोजायला शिकवलं. तीस लुकलुकण्या झाल्या आणि इंडिकेटर अजून चालूच असला, तर बझर वाजवायचा. टेबलावर सगळं झकास चाललं. गाडीवर मात्र हेल्मेट आणि वाऱ्यापुढे बझर ऐकूच येईना. मी मोठा बझर लावला. तो मला जेमतेम ऐकू यायचा, पण समोरच्या घरातला कुत्रा त्याच्याबरोबर रडायला लागला. दुसऱ्या दिवशी शेजारीणबाई येऊन गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या घरात गॅस वगैरे लीक होतोय का? अलार्म वाजत असतो म्हणून विचारलं."

त्यात आणखी एक कटकट होती. गाडी चालू असताना बोर्ड मधूनच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा. का, ते मला तीन आठवडे सापडलं नाही.

एप्रिलमध्ये भारतातून सासरे आले. सासूबाई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच एकटे येत होते. आयुष्यभर त्यांनी बसच्या डेपोत इलेक्ट्रिशियनचं काम केलं. माणूस अबोल. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण आमचं बोलणं "बाबा, चहा घेता?" आणि "घेतो" याच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. आमच्यातलं सगळं बोलणं सासूबाईंमार्फत व्हायचं. त्या नव्हत्या, त्यामुळे पहिला आठवडा घरात फक्त टीव्ही बोलत होता. नवरा ऑफिसला गेला की ते खिडकीत बसून बाहेरच्या गाड्यांवर साचलेले पाइनचे पिवळे पराग बघायचे.

एका शनिवारी मी गॅरेजचं दार उघडं टाकून गाडीपाशी बसले होते. बोर्ड पुन्हा बंद पडला आणि मी बहुतेक जोरात "मेल्या!" म्हणाले. मागून आवाज आला, "अर्थिंगची वायर कुठे दिलीस?"

मी वळून बघितलं. बाबा दारात उभे होते, हातात चहाचा कप.

"इथे, या बोल्टला."

ते खाली बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण बसले. चष्मा वर केला, बोल्टवर नखानं खरवडलं. नखात निळा रंग आला. "रंगावर अर्थ देतेस होय? मग करंट परत कुठून जाणार? गाडी हादरली की सुटतो, पुन्हा लागतो. टेस्ट लॅम्प आहे का?"

टेस्ट लॅम्प नव्हता. त्यांनी एका जुन्या बल्बला दोन वायरी जोडून तो पाच मिनिटांत बनवला. बोल्टवर बल्ब मिणमिणला. मग त्यांनी सँडपेपरनं रंग घासून लोखंड उघडं केलं, वायर पुन्हा आवळली आणि बल्ब लख्ख पेटला. त्या दिवसानंतर माझा बोर्ड एकदाही बंद पडला नाही. तीन आठवडे मी प्रोग्रामच्या ओळी तपासत होते आणि दोष होता रंगाच्या पापुद्र्यात.

"बाबा, तुम्ही आधी का नाही आलात?"

"तू बोलावलं कुठे," ते म्हणाले. रागानं नाही, असंच.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर मी "येता का?" एवढंच विचारलं. ते आधीच जुना शर्ट घालून तयार होते.

बझरची गोष्ट मी त्यांना सांगितली, कुत्र्यासकट. ते खूप हसले. मग म्हणाले, "डेपोत राहून माझे कान अर्धे गेलेत. मला भोंग्याचं सांगूच नकोस. हेल्मेटमध्ये कान बंद, डोळे रस्त्यावर, हात हँडलवर. मोकळं काय राहिलं?"

"काय?"

ते जरा संकोचले. सुनेशी बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. मग त्यांनी नुसती सीट थोपटली.

एका मोडक्या व्हिडिओ गेमच्या रिमोटमधून मी थरथरणाऱ्या दोन मोटारी काढल्या. सोल्डरिंग करताना बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते. "हा जोड ड्राय आहे, वरवर चिकटलाय. नीट तापव. घाई कसली?" मी पुन्हा तापवला. मोटारीचं फिरणारं वजन सीटच्या फोममध्ये अडकेल, असंही त्यांनीच सांगितलं. म्हणून नवऱ्याच्या ॲलर्जीच्या गोळ्यांच्या दोन रिकाम्या नारिंगी बाटल्यांत आम्ही त्या बंद केल्या आणि सीटखाली बसवल्या, एक माझ्या जागेखाली, एक मागे.

"मागे कशाला?" मी विचारलं.

"मी बसणार आहे ना," बाबा म्हणाले.

नवरा नको नको म्हणत होता. बाबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांना हेल्मेट घेतलं, जाड जॅकेट घेतलं आणि रविवारी सकाळी आम्ही तळ्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यानं निघालो. मी मुद्दाम इंडिकेटर चालू ठेवला. तीस लुकलुकण्या झाल्या आणि सीट गुरगुरली. मला व्यवस्थित जाणवलं. पण मागे बाबांनी "अरे बापरे!" म्हणून टुणकन उडी मारली. त्यांची बाटली जरा जास्तच वर आली होती. मी इंडिकेटर बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा उडी. दोघंही हेल्मेटमध्ये हसत होतो. तिसऱ्यांदा त्यांनी माझा खांदाच पकडला.

तेवढ्यात आरशात निळे दिवे दिसले.

मी कडेला थांबले. पोलीस अधिकारी उतरून जवळ आले. तरुण होते. माझ्याकडे न बघता ते थेट बाबांकडे गेले. "सर, आर यू ओके? मॅम, यांना काही त्रास होतोय का? मघापासून बघतोय, त्यांना झटके येतायत."

बाबांनी हेल्मेटची काच वर केली आणि शांतपणे म्हणाले, "नो झटका, सर. सीट व्हायब्रेशन. इंडिकेटर रिमाइंडर. होममेड."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं समजावून सांगितलं. ते कमरेवर हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "मीही बाइक चालवतो. दर आठवड्याला विसरतो. बसून बघू?"

बाबा उतरले. साहेब मागच्या सीटवर बसले, मी इंडिकेटर लावला आणि आम्ही तिघंही लुकलुकण्या मोजू लागलो. बाबा मराठीत मोजत होते. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. साहेब उडाले. टोपी पडता पडता राहिली. मग ते इतके हसले की शेजारून जाणारा सायकलवाला थांबून बघायला लागला.

"मागची बाटली जरा खाली घ्या," जाताना ते म्हणाले, आणि बाबांशी हात मिळवला. "गुड वर्क, सर."

घरात शिरताच बाबांनी नवऱ्याला सगळी हकीकत उभं राहून, उड्यांसकट करून दाखवली. पोलिसांचे संवाद त्यांनी इंग्रजीतच म्हटले. आपले वडील इतकं सलग बोलू शकतात हे नवऱ्यालाही नवीन असावं. तो चहाचा कप हातात धरून नुसता बघत राहिला.

सप्टेंबरात ते परत गेले. त्याआधी आम्ही हँडल गरम ठेवणारी मुठीवरची गुंडाळी केली, इंजिनाचं तापमान दाखवणारा छोटा पडदा केला आणि काम करताना हळूहळू सासूबाईंबद्दलही बोलायला लागलो. त्या डेपोत डबा घेऊन यायच्या तेव्हा बाबांचे सहकारी बसचे हॉर्न मुद्दाम वाजवायचे, हे मला त्या गॅरेजमध्ये कळलं. सांगताना बाबांच्या हातातला पेचकस थांबायचा, मग पुन्हा फिरायला लागायचा.

निघताना मी म्हटलं, "एक बाटली करून देऊ का तुमच्या स्कूटरला?"

"वेडी आहेस का? गोळ्यांची बाटली, आत मोटर, बाहेर वायरी. विमानतळावर मला इथेच ठेवून घेतील." त्यांनी फक्त वहीच्या कागदावर काढलेली आकृती खिशात घातली.

महिन्याभरानं त्यांचा व्हिडिओ कॉल आला, पहिल्यांदाच माझ्या फोनवर. स्कूटरची सीट उघडी होती. बोर्ड त्यांनी बाजारातून आणला होता, प्रोग्राम मी इथून पाठवला. अर्थिंगची जागा त्यांनी मला कॅमेऱ्यात जवळून दाखवली, घासून चकचकीत केलेली.

"चालतंय ना बाबा?"

"चालतंय छान. इथे इंडिकेटर दुसरं कोणी लावतच नाही, ते सोड," ते म्हणाले. "मी लावतो."